स्मरणपत्रांचं बटण

४ मार्च
एकदा दुपारी हे कॉम्प्युटरवर टाइप करत होते आणि मी शेजारी मटार सोलत होते. बघतेस ना, असं यांनी विचारलं. मी म्हटलं, बघतेय की. एक दाणा उडून की-बोर्डवर पडला, तो यांनी तोंडात टाकला आणि टाइप करत राहिले. कॉलनीच्या लायब्ररीचा प्रोग्रॅम होता तो. पुस्तकं परत न करणाऱ्यांना स्मरणपत्रं छापणारा. हे गेले, प्रोग्रॅम आहे.

आता भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर आणि लायब्ररीचे अध्यक्ष, म्हणतात, वहिनी, कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडून हुकूम टाइप करत कोण बसणार? नवीन विकत घेऊ. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये ठरणार.

संकल्प: यांचा प्रोग्रॅम वाचवायचा. टाइप करणं बंद. एक बटण दाबलं की काम झालं पाहिजे.

७ मार्च, सकाळ
बटण तयार! पुस्तकांच्या यादीचं जे रंगीत सॉफ्टवेअर आहे, त्यात बाहेरचा प्रोग्रॅम जोडायची सोय सापडली. यांचा प्रोग्रॅम जोडला. दाबलं. काळी खिडकी डोळा मिचकावून गेली. किती चपळ! हेसुद्धा कामाचा गाजावाजा करत नसत. कागद आला नाही. येईल.

१० मार्च
प्रिंटरच्या ट्रेमध्ये स्मरणपत्रांचा गठ्ठा! सावकाश करतो, पण करतो. बुटकीला सांगितलं. बुटकी माझी कॉन्व्हेंटपासूनची मैत्रीण. सिस्टरनी एका बाकावर बसवलं, ते अजून उठलो नाही. सोमवारी माझी सुट्टी, तेव्हा लायब्ररी ती सांभाळते. हो का, छान, एवढंच म्हणाली. थोडी जळत असावी. मनाने चांगली आहे.

१७ मार्च
पुन्हा गठ्ठा. मशीनला माझ्या हाताची सवय झालीय, असं म्हटलं. तर बुटकी म्हणाली, बाई गं, सवय आम्हा सगळ्यांनाच झालीय. कौतुकच म्हणायचं.

२४ मार्च
गठ्ठा नाही. बुटकी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलीय, म्हणजे मदतीलाही कुणी नाही. बटण दाबून दाबून बोट दुखलं. कागद बदलला, प्रिंटर पुसला. हवा दमट आहे. मीटिंगपर्यंत सुकेल.

२९ मार्च, संध्याकाळ
मीटिंग. सगळ्यांसमोर बटण दाबलं. खिडकी आली, गेली. भाऊजी म्हणाले, वहिनी, हे तर डोळा मारून पळालं! सगळे हसले.

तेवढ्यात मागून बुटकी आली, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. सरक गं, म्हणाली. काळी खिडकी उघडली, आधी यांच्या फोल्डरमध्ये शिरली, मग प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं. प्रिंटर घरघरला. पहिलं स्मरणपत्र माझ्याच नावाचं निघालं.

मग सगळ्यांदेखत मला शिकवणी. म्हणे, हा जिथून सुरू होतो तिथेच सभासदांची फाइल शोधतो. तुझं बटण त्याला भलत्याच फोल्डरमध्ये उठवतं. फाइल नाही मिळाली की लगेच मिटतो. दर सोमवारी मीच छापत होते. तुझा आनंद मोडवेना, म्हणून बोलले नाही.

कुणी शिकवलं, विचारलं. तुझ्या ह्यांनीच की, म्हणाली. सोमवारी तू नसायचीस.

यांनी! तिला!

भाऊजी म्हणाले, मग नवीन कशाला? हाच राहू दे, ताई सांभाळतील. ताई म्हणजे बुटकी. टाळ्या. ठराव माझ्या मनासारखाच झाला. मीच जिंकले म्हणायचं.

३० मार्च
रडत नाहीये, सर्दी आहे. लायब्ररीतून मुक्त होत आहे. सामानाचं असं करावं:

कपाटाच्या किल्ल्या भाऊजींना. त्या हरवतील, ते त्यांचं ते बघतील.

खुर्चीवरची उशी बुटकीला. त्याशिवाय तिचा हात की-बोर्डपर्यंत पोचत नाही. मी दिली असं सांगू नये.

माझ्याकडे राहिलेलं पुस्तक उद्या पाठवते. शेवटचं प्रकरण कुणीतरी मला सांगावं, बुटकी सोडून.

टेबलावरचा यांचा फोटो माझ्याकडे. तूर्त तोंड भिंतीकडे करून ठेवीन.