अकरावा निरोप

नोगालेस, अ‍ॅरिझोना
शुक्रवार, ८ मार्च २०२४

प्रिय ओतिलिया मावशी,

नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? आई बरी आहे.

मागच्या पत्रात तुला एक चुकीचं लिहिलं. पेर्लाच्या फोनवर अबुंदियोने बोलून ठेवलेला अकरावा निरोप दोन वाक्यांचा आहे, असं म्हटलं होतं. तो एकोणीस सेकंदांचा आहे.

अबुंदियो तिच्यापासून दूर राहावा म्हणून तिने कोर्टात अर्ज केलाय, हे तुला माहीत आहेच. त्याचे निरोप स्पॅनिशमधून इंग्रजीत करून, भाषांतर पूर्ण आणि खरं आहे अशी सही मी केली. स्वयंपाकघरात बसलो होतो. पेर्ला नखं रंगवत म्हणाली, "जरा घाबरवणारं होऊ दे गं, पंडितीणबाई. नाहीतर जज झोपेल."

मी हसले. एकही शब्द वाढवला नाही, शपथेवर सांगते. दहा निरोपांत नुसता रुसवा आहे. अकराव्यात तो म्हणतो, "बघशील तू. पस्तावशील." ते मी लिहिलं.

लिंबाला यंदा फार फुलं आलीत.

तो कामाला आहे त्या गोदामातले चेपलेले टोमॅटो तो आमच्याकडे आणून द्यायचा ना, त्यातले बरे मी वेगळे काढून पुसून ठेवायचे. ते पेर्लासाठी असत, हे मला सात महिन्यांनी कळलं. तिला टोमॅटो आवडतही नाहीत. तिला काहीच मागावं लागत नाही, मावशी. लहानपणीसुद्धा आम्हा बहिणींत केकवरचं फूल तिच्याच ताटलीत पडायचं.

निरोपाचा उरलेला भाग असा आहे: "मी दुसरीशी लग्न करीन. त्या नोएमीशीच करतो बघ. तिला कोण विचारतंय? लगेच हो म्हणेल."

हे ऐकताना पेर्ला खो खो हसली होती. हे इंग्रजीत माझ्याच हाताने लिहून कोर्टात सगळ्यांसमोर वाचू द्यायचं? मी ते गाळलं. पेर्लाला इंग्रजी वाचता येत नाही. आणि खरं सांगू? त्याने थोडं भोगावं, असंही वाटलं.

आता ती दोनच वाक्यं कागदावर आहेत आणि ती खुनाच्या धमकीसारखी दिसतात. गुरुवारी सुनावणी आहे. हुकूम निघाला तर त्याचा रोज सीमा ओलांडायचा परवाना जाऊ शकतो, असं पेर्लाची वकीलच म्हणाली. मग गोदामातली नोकरीही गेली.

मी आठ वर्षांची असताना, दवाखान्यात आजीचं बोलणं मी डॉक्टरांना सांगत होते, तेव्हा तू म्हणालीस, "माणूस बोलला तेवढं सगळं द्यायचं. एक शब्दही खिशात घालायचा नाही." मी अख्खी वाक्यं घातली, त्यात माझं नाव असलेलंही.

नवं भाषांतर तयार आहे, सगळे एकोणीस सेकंद. आज मी पोचले तेव्हा कोर्टाची खिडकी बंद झाली होती. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर पेर्लाला सांगेन. ती पुन्हा हसेल.

आईला अजून काही कळवू नकोस.

तुझ्याकडूनच शिकलेली,
नोएमी

ता.क. खिडकी आठला उघडते. मी रांगेत पहिली असेन, सोमवारी, ११ मार्चला.