अळणी आमटी

शेवगाव

प्रिय सुमन,

आज डेपोतून आलो तो हातपाय धुऊन सरळ कागद घेऊनच बसलो. आईनं विचारलं, "कुनाला रं लिव्हतोस?" म्हटलं, "सुमनला." ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

आज माझी तपासणी होती. माझ्या हातात स्टेअरिंग राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं. काय ठरलं ते सांगतो, पण आधी तू गेल्यावर या घरात काय काय शिजलं ते ऐकून घे. हसू नकोस मात्र!

तू श्रावणात गेलीस. चैत्रात डेपोत सगळ्या ड्रायव्हरांना तपासलं, तेव्हा माझंही ब्लडप्रेशर निघालं. जवळजवळ तुझ्याएवढंच! डॉक्टर म्हणाले, "गोळी सुरू करा, मीठ कमी करा, स्टँडवरचं खाणं सोडा. आषाढात पुन्हा बघतो. उतरलं नाही तर गाडी देता येणार नाही, वर्कशॉपमध्ये बसावं लागेल." लग्नाआधीपासून मी गाडी चालवतोय. मला दुसरं येतं तरी काय गं?

तुलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच तू म्हणालीस, "माझ्या एकटीसाठी वेगळं कुठं शिजवू? आत्याबाईंना आळनी चालत न्हाई, मायाला झनझनीत लागतं, तुमचा डबा हाय." माझ्या आईचं नाव पुढं केलंस, लेकीचं केलंस, माझं केलंस आणि विषय मिटवलास. गोळीसुद्धा आठवली तर घ्यायचीस. मग त्या सकाळी पीठ मळता मळता तुझा हात लुळा पडला, आणि नगरला पोचेपर्यंत तू बोलायची थांबली होतीस. इतकं कसं गं सोपं करून टाकलंस सगळ्यांचं? एकदा भांडायचं तरी होतंस!

चैत्रातल्या तपासणीहून आलो त्याच दिवशी मी ठरवलं, मीठ बंद. कमी नाही, बंदच! तुला माझा स्वभाव माहीत आहे. भाजीत नाही, ताकात नाही, कशात म्हणून नाही. वर गोळी सुरू आणि डोक्यावर वैशाखाचं ऊन. पाथर्डीच्या रस्त्याला गाडी होती. घाम असा गळत होता की चाक हातातून निसटायला लागलं, आणि समोरचा रस्ता पांढरा दिसायला लागला. कशीबशी लिंबाखाली गाडी उभी केली. कंडक्टर भालेराव पुढं धावत आले.

"काय झालं वो, ड्रायव्हरसाहेब?"

"काही नाही. पॅसेंजरला दुसऱ्या गाडीत बसवून द्या."

मागं बायकापोरं खच्चून भरलेली. त्यांच्याकडं वळून बघितलं आणि खाली उतरून लिंबाला टेकून बसलो.

डॉक्टर केवढे चिडले! "कमी करा म्हटलं होतं, तोडा कुणी सांगितलं? उन्हात घाम गाळणारा माणूस तुम्ही. स्वतःच्या मनानं काही करायचं नाही. हळूहळू उतरवा आणि मला दाखवत राहा." मी मान खाली घालून ऐकलं. पण सोडून दिलं नाही, सुमन. पुन्हा नीट सुरू केलं.

माया म्हणाली, "पप्पा, मी करते ना स्वयंपाक." तिचं बारावीचं वर्ष. म्हटलं, "तू अभ्यास कर. दुखणं माझं आहे, स्टोव्ह मीच पेटवणार." गॅसचा नंबर अजून लागलेला नाही बरं का. तुझ्या त्याच स्टोव्हला पिन मारत बसतो.

पहिली आमटी मायानं चाखली आणि म्हणाली, "ही आमटी नाही पप्पा, डाळीनं अंघोळ केलेलं पाणी आहे!" दुसऱ्या खेपेला चिंच एवढी घातली की सगळ्यांचे दात आंबले. मग मिरची वाढवली, तर माझ्याच पोटात आग पडली. असं करत करत एकेक कळत गेलं. कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजायचं, लसूण हात सैल सोडून घालायचा, मीठ चिमटीनं, आणि खाली उतरवल्यावर वरून लिंबू पिळायचं. मग जीभ फार कुरकुर करत नाही. ताकात जिरं आणि आलं. पापड-लोणचं ताटाबाहेर. स्टँडवर भज्यांचा घाणा निघाला की मी डबा घेऊन लांबच्या बाकावर जाऊन बसतो. तो वास काय असतो, तुला सांगायला नको!

खरी लढाई घरात होती. आई म्हणायची, "आमी काय दवाखान्यात हाओत का? ह्या वयात मला आळनी खाऊ घालतो व्हय?" एक दिवस ड्युटीवरून येऊन जेवायला बसलो, तर पहिल्याच घासाला आमटी खारट. मी मायाकडं बघितलं, मायानं आजीकडं. आईनं माझ्या पाठीमागं पातेल्यात मूठभर खडेमीठ टाकलं होतं.

"आई, तुझ्या ताटात तुला हवं तेवढं घे. पातेल्यात टाकू नको."

"मग तुझ्यापुरतं वेगळं शिजव की! आमाला कशापायी पिडतो?"

वेगळं हा शब्द ऐकला आणि माझा आवाज चढला. "वेगळं शिजणार नाही! सुमनलाही डॉक्टरांनी हेच पथ्य सांगितलं होतं. तुझ्या तोंडाची चव जाऊ नये म्हणून तिनं ते पाळलं नाही. आता या घरात सगळ्यांचं एकच पातेलं, आणि ते अळणीच."

आई हातातली भाकरी तशीच धरून बसली. मग म्हणाली, "तिनं मला येकदा तरी सांगायचं हुतं रं. मी काय आळनी खाऊन मेले असते?"

बघ सुमन. तू विचारलंच नाहीस! आम्ही तिघांनी तुझ्यासाठी आनंदानं अळणी खाल्लं असतं. निदान कुरकुर करत तरी खाल्लंच असतं.

त्या दिवसापासून आईनं पातेल्याला हात लावला नाही. आधी ताटात घ्यायची तेवढं मीठही आता घेत नाही. परवा शेजारीण वाटीभर कालवण घेऊन आली, तर ती गेल्यावर आई म्हणते, "लई खारट करती बाई!" माया हसून हसून लोळायची बाकी राहिली.

तर आज. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. मी भिंतीकडं बघत बसलो. मग पट्टा काढत म्हणाले, "छान उतरलंय. काय केलंत?"

म्हटलं, "आमटी बदलली."

"गोळी सोडायची नाही, पथ्यही नाही. पण गाडी चालवा." सुमन, बाहेर आलो आणि भालेरावांना मिठीच मारली!

पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. भावकीतल्या बायका स्वयंपाकाला येतो म्हणाल्या, मी नको म्हणालो. त्या दिवशी रजा टाकीन आणि सगळं माझ्या हातानं करीन. आमची पथ्याची ताटं कोणासाठी बदलणार नाहीत, मी गाडी चालवतोय तोवर नाही आणि त्यानंतरही नाही. हा शब्द देतो तुला. मायालाही शिकवीन, की आपल्या दुखण्याचं आपल्या माणसांना मोठ्यानं सांगायचं.

पण सगळ्यात आधी, गरम गरम, तुझं पान वाढीन. त्यात मीठ अगदी तुला आवडायचं तसं, सढळ हातानं घालीन. आता तुला कसलं गं पथ्य?

तुझाच,
दत्तात्रय