सरकारदरबारी मला दिवस गेले

मायाअक्का,

सप्रेम जय भीम. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची शुगर आटोक्यात आहे ना? (ते तुला सांगतात ती नव्हे, खरी.) इकडं वडवणीजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात सगळं ठीक. सासूबाई ठणठणीत आहेत, हे रिटायर होऊन घरभर पसरलेत, आणि मला सातवा महिना लागलाय.

बसलीस ना नीट? मग पुढं वाच. पंचावन्न उलटलं मला, लेकीची लेक शाळेत जाती. तरी सरकारदरबारी मी गरोदर आहे, तीही अतिजोखमीची माता. त्याचं असं झालं की रजिस्टरं बंद, आता सगळं टॅबवर, असा हुकूम निघाला (तुझ्या परभणीकडच्या केंद्रातही आला असेलच) आणि आमाला ट्रेनिंगला बोलावलं. शिकवणारे साहेब म्हणाले, सरावासाठी एक गर्भवती भरा, काहीही भरा. आता काहीही म्हटलं तरी आधार नंबर लागतोच, आणि मला पाठ असलेला आधार एकच, माझा. म्हणून मी मलाच भरलं. वय खरं टाकलं. (वजन पाच किलो कमी टाकलं, तेवढं चालतं.) मोबाईल नंबर ह्यांचा दिला. चहा झाल्यावर कळलं की सरावाचं पान वेगळं होतं आणि मी भरलं ते खरंखुरं.

पुसून टाका म्हटलं तर पुसायची सोयच न्हाई. गरोदर बाईला त्या टॅबातून बाहेर पडायला चारच वाटा : प्रसूती, गर्भपात, मृत्यू, स्थलांतर. ‘चुकून भरली’ अशी वाटच ठेवलेली नाही. कशाला ठेवतील? आपल्या खात्यात आजवर कुणाची चूक झालीय का!

मग ह्यांच्या मोबाईलवर मेसेज सुरू झाले. अभिनंदन, आपल्या घरी नवा पाहुणा येणार, आईची काळजी घ्या. तिसऱ्या दिवशी ह्यांनी बाजारातून डाळिंबं आणली, माझ्यापुढं ठेवली आणि पेपर वाचत बसले (पेपर उलटा होता). सासूबाई म्हणाल्या, तरीच ही लई चिडती. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा ह्यांना हायसं वाटलं का वाईट वाटलं, ते मला अजून उमगलेलं नाही.

दवाखान्यात तर विचारूच नको. आमच्या डॉक्टर योगिता मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या, हुशार, हाताला यश असलेल्या. पण पेशंट समोर खोकून खोकून वाकलेला असतो आणि मॅडमची मान खाली, टॅबात ‘खोकला आहे का’ हा प्रश्न कुठं गेला ते शोधत. नेट गेलं तर हाताशी असावं म्हणून रजिस्टरही चालूच, आणि रजिस्टर बरोबर आहे का बघायला टॅब. एका सासूला कंटाळलो म्हणून तक्रार केली तर दुसरी आणून बसवली. संध्याकाळी आम्ही सगळ्या लिंबाखाली टॅब डोक्यावर धरून रेंज शोधत फिरतो. येणारेजाणारे हात जोडून जातात.

तर मी स्वतःच्या तपासणीला गेले नाही म्हणून तालुक्याच्या यादीत आमचं केंद्र लाल झालं. तालुक्याच्या साहेबांनी नोटीस काढली : नर्स पंचशीला यांनी अतिजोखमीची माता पंचशीला हिचा शोध का घेतला नाही, खुलासा करावा. मी खुलासा दिला, सदर महिला रोज ड्युटीवर असते, पण तिला तपासून घ्यायला सवड नसते. साहेब भडकले, सर्व्हिस बुकात शेरा मारतो म्हणाले. अक्का, तीन वर्षांत रिटायर होणार मी. माझ्या सर्व्हिस बुकात आजवर शाईचा डागसुद्धा नाही, तुला ठाऊक आहे. भ्याले मी.

त्यातच गेल्या आठवड्यात सत्यभामा आली. ऊसतोडीवरनं, कर्नाटकातनं, ट्रकात बसून, कळा सोसत. टॅबनं ओटीपी मागितला. त्यांच्या घरात मोबाईल एकच, तो मुकादमानं ठेवून घेतलेला. योगिता मॅडमनी टॅब खिडकीत आपटला आणि म्हणाल्या, सिस्टर, हातमोजे द्या. मुलगी झाली, गुटगुटीत. तिची नोंद करायला गेलो तर टॅब म्हणतो, आधी आईची गरोदर म्हणून नोंद करा. आईची करावी तर, ओटीपी द्या. पोरगी टाहो फोडतेय आणि टॅबच्या लेखी ती जन्मलीच न्हाई.

साहेबांनी फोनवर तोड काढली. तुमच्याकडं एक पोट बिनबाळाचं आणि एक बाळ बिनपोटाचं, सोमवारपर्यंत जुळवून टाका, मी नोटीस फाडतो. म्हणजे सत्यभामेची पोर माझ्या नावावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईनं पोटात पोर वागवत उसाच्या मोळ्या वाहिल्या, आणि लेकीचा दाखला काढायला गेल्यावर तिनं ऐकायचं की तुझी पोरच नाही? मी म्हटलं, साहेब, शेरा मारा. मॅडम म्हणाल्या, अशा नोंदीवर माझी सही होणार नाही. सत्यभामेचा नवरा मोबाईल आणायला मुकादमाकडं गेलाय. तो येईपर्यंत मॅडम तिला सुट्टी देत नाहीत.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, नातवंडांना पापा.

तुझीच,
पंचशीला

ता. क. : स्थलांतराचं बटन मी आज सकाळी दाबलं. परभणी जिल्हा आमच्या साहेबांच्या हाताबाहेर, म्हणून थेट तुझ्या केंद्रात आले. तुझ्या टॅबवर एक अतिजोखमीची माता दिसेल, ती मी. शिव्या दे, पण स्वीकार.

आणखी एक ता. क. : मृत्यू टाकू नको, चौकशी लागती. प्रसूती टाकशील तर न झालेल्या बाळाच्या लसींसाठी तुझ्या केंद्रातल्या पोरी दारोदार फिरतील. त्यापेक्षा मला पुढं लातूरला ढकल. तिथल्या केंद्रात संगीता आहे, तिला मी नंतर लिहीन.

शेवटचा ता. क. : स्वीकारताना टॅब विचारतो, मातेला प्रत्यक्ष तपासलं का. खोटं ‘हो’ टाकू नको. रविवारी मी येते, खरंच तपास. परवा योगिता मॅडमनी सहज माझ्या दंडाला पट्टा बांधला तर बीपी एकशे ऐंशी. गोळी सुरू केलीय, घरी बोलले नाही. मॅडम ते टॅबात भरायला निघाल्या होत्या, मी त्यांचा हात धरला, मेसेज ह्यांच्याच मोबाईलवर जायचा. तूपण कागदावरच लिही, आणि कागद माझ्याकडं दे.