डबलसीट नाही

प्रिय ठमाबाई,

तुझ्या बाबांची मोटारसायकल मी चालवतेय, हे तुला शेजारच्या काकूंकडून कळलं म्हणे. त्यांच्या पोटात काही राहत नाही. मी पडले नाही, कुणाला धडकले नाही, तेव्हा आधी हसून घे आणि मग पुढे वाच.

बाबांनी गाडी बुक केली तेव्हा ते ठणठणीत होते. गाडी आली तेव्हा त्यांचा डावा हात लुळा होऊन मांडीवर पडलेला. या हातात क्लच दाबण्याइतकी ताकद पुन्हा येणार नाही, हे डॉक्टरांनी तुला-मला बाहेर बोलावून सांगितलं आणि आपण दोघी तोंडाला कुलूप लावून बसलो. बुकिंग रद्द केलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून गाडी दारात आली. छोटीशीच आहे, पण मला घाम फुटला.

बाबांनी दोन दिवस ती खिडकीतून पाहिली आणि फर्मान काढलं, की नवं इंजिन नुसतं उभं ठेवायचं नसतं, माझा हात बरा होईपर्यंत सुरुवातीचं हळूहळू चालवून इंजिन रुळवायचं रनिंग तू पूर्ण कर. माझा जन्म गेला बिनगिअरच्या स्कूटरवर! क्लच सोडला की गाडी असे गचके खायची की विचारू नकोस. त्यात नियम किती. चाळीसच्या वर जायचं नाही, पण एकाच वेगाने रेंगाळायचंही नाही, चढावर वेळेत खालचा गिअर टाकायचा, आणि डबलसीट अजिबात नाही. सायकलवरची पोरंसुद्धा मला मागे टाकून जात. घरी आले की बाबांची झाडाझडती, कोपऱ्यावर तिसऱ्या गिअरमध्ये का वळलीस म्हणून. नुसत्या आवाजावरून! आमटीत मीठ नसलं तरी या माणसाला कळत नाही, गिअर मात्र बरोब्बर कळतो.

पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने काढलेलं ऑइल दाखवलं. त्यात बारीक चकचकीत कण होते. भाग एकमेकांवर घासून नीट बसले की असे कण निघतात, आता खुशाल दोघं बसा, म्हणाला. मी हे घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, त्याला काय कळतंय, अजून थोडी चालव. पुढेही तेच. हाताच्या व्यायामाला रिक्षाने जायचे, पण माझ्या मागे बसायचं नाव नाही. मला राग यायचा. बायकोच्या मागे बसायची लाज वाटते, असंच मी धरून चालले होते. मागे बसणं म्हणजे पुढे कधीच बसणार नाही हे कबूल करणं, हेही कळत होतं. विचारायला गेले तर आपलं खोटं उघडं पडेल, म्हणून गप्प राहिले.

काल संध्याकाळी निघाले, तर बाबा हेल्मेट घालून फाटकाशी उभे. पट्टा एका हाताने लागेना, तो मी लावला. उजव्या हाताने माझा खांदा गच्च धरून मागे बसले आणि पाण्याच्या टाकीपर्यंत सोडला नाही. टाकीचा चढ गाडी न गचकता चढली. वर थांबल्यावर म्हणाले, हा हात काही आता क्लच दाबायचा नाही. डॉक्टरांनी त्यांना आपल्याआधीच सांगितलं होतं! आपण दोघी आशा लावून बसलोय असं वाटून त्यांनीही तोंड उघडलं नाही. आणि मागे का बसत नव्हते, तर म्हणे मी पाठीशी बसून ओरडलो असतो आणि तू वैतागून गाडी सोडून दिली असतीस. मला गाडी नीट शिकवायची होती त्यांना. मी रडले ग. हेल्मेटमध्ये डोळेही धड पुसता येत नाहीत.

फोनवर बोलताना बाबा शेजारीच असतात, म्हणून हे लिहून कळवतेय. दर रविवारी तू उसना उत्साह आणून विचारतेस, हात किती सुधारला, आणि ते तुझं मन राखायला मागच्यापेक्षा बरा आहे म्हणून ठोकून देतात. फोन ठेवला की तो हात दुसऱ्या हातात धरून कितीतरी वेळ बसून राहतात, ते तुला दिसत नाही. या रविवारी हाताचं विचारू नकोस. आम्ही दोघं कुठवर जाऊन आलो, ते विचार.

तुझीच,
खांदा चोळत बसलेली आई