उभ्या गाडीतली हरभऱ्याची टरफलं

ता. ३ जानेवारी १९७२, सोमवार. पुणतांबा

दत्तूला मोटार घ्यायची आहे. नवी नाही, राहात्याच्या तात्यांची वापरलेली. तात्या म्हणजे गुळाचे व्यापारी, ज्यांच्या अशोकसाठी आमच्या शकीला मागणी आली आहे ते. मुलाला होकार अजून द्यायचाय, आणि गाडीला आधीच देऊन बसला. मी म्हटलं, दत्तू, सोयरीक करतोस का सौदा? तर म्हणतो, "आई, दोन्ही बरं जमतंय."

पोरीच्या बापानं असं बोलावं?

शकी लिहिता लिहिता मान खाली घालून हसते आहे. लिही गं. लाजायला पुढं दिवस आहेत.

ता. ४ जाने.

मी दत्तू म्हटलं की हिचा हात लगेच थांबतो. आज नाव एवढं तोकडं कसं उमटलं, विचारलं. म्हणते, "बाबांचं नाव नुसतं कसं लिहू आजी? काल चुकून गेलं, आता 'द.' लिहिते." आणि मी 'हाय' म्हणते तिथं ही 'आहे' लिहिते, हे परवा सूनबाईनं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. मला अक्षर येत नाही म्हटल्यावर ही आणखी काय काय बदलत असेल, देव जाणे.

तर द. रात्री जेवताना गाडीच्या कराचं सांगत होता. रस्त्यावर मोटार चालवायची तर सरकारला कर द्यायचा. दिला की कागदाची गोल चकती मिळते, ती पुढच्या काचेला लावायची. तात्यांच्या काचेवरची चकती जुनी. का? गाडी मागच्या दिवाळीच्या आधीपासून शेडात उभी, म्हणून. नगरच्या मोटार-कचेरीत आधीच अर्ज द्यायचा, की गाडी बंद ठेवतोय, अमुक जागी उभी आहे. मग तेवढ्या काळाचा कर माफ. पण मधे एकदा जरी रस्त्यावर आली तर मागचा सगळा कर, वर दंड. आणि गाडी आपल्या नावावर झाली की तो आपल्या बोकांडी.

मी विचारलं, "ती उभीच हुती, हे कोन सांगतं?"

"तात्या सांगत्यात."

"तात्याला गाडी इकायची हाय."

"आई, आपन त्यांच्या घरात पोरगी द्यायला निघालो, आन तू त्यांच्यावर संशय घेती व्हय?"

पोरगी द्यायची म्हणूनच घेते. गाडीत खोट निघाली तर परत देता येईल. शकीला कुठं परत आणू? चकतीबद्दल खोटं बोलणाऱ्या घरात ती जायची नाही. हे मी द.ला सांगितलं, आता इथंही लिहून ठेवते.

ता. ७ जाने.

राहात्याला जाऊन आले. शकी रोज तिथं शिवणाच्या क्लासला जाते, म्हणून एस.टी.त आम्ही तिघं, मी, द. आणि ही. हिच्या पिशवीत हरभऱ्याचे डहाळे, मैत्रिणींना. नदीकाठच्या वावरातला निम्मा हरभरा हिच्या मैत्रिणींच्याच पोटात गेला असेल. स्टँडवर उतरून ती क्लासला, आम्ही तात्यांकडं. जिथून मागणी आली त्या घरी पोरीनं पाऊल टाकायचं नसतं, एवढं अजून पाळतो.

गाडी काळी, थोराड. गुळाच्या ढेपांशेजारी पत्र्याखाली उभी. मी आधी चाकं बघितली. मग खालची जमीन. एवढे दिवस उभी, आणि एकाही कोंबडीनं आत अंडं घातलं नाही? तात्या म्हणाले, "मावशी, गाडी बघताय का चोर शोधताय?"

म्हटलं, "अजून ठरलं न्हाई."

आत जाऊन बसले. गादी बरी आहे. गादीच्या फटीत हात घातला, आणि हाताला लागली टरफलं. हरभऱ्याच्या घाट्यांची. हिरवी, अजून मऊ. आता मला सांगा, मागच्या दिवाळीपासून उभ्या असलेल्या गाडीत चालू हंगामाचा हरभरा कोण खातं?

विचारलंच. तात्या हसले. "आळीतली पोरं बसत्यात खेळायला." असेल. पोरं बसतात खरी.

अशोक तिथंच उभा होता. उंच, सावळा, बरा आहे. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल.

उतरायला गेले तर दार उघडेना. आतून कितीही ढकला. तात्या म्हणाले, "त्याला खोड हाय मावशी. बाहेरून वर उचलायचं, मग वढायचं. घरच्या मानसांनाच जमतं." अशोकनं उचललं, ओढलं, मी बाहेर आले.

टरफलं पदराच्या गाठीत बांधून आणली. द. येताना एस.टी.त माझ्याकडं पाठ करून बसला. बरं झालं, मला झोप लागली.

ता. १० जाने.

द. नगरला जाऊन आला. कचेरीतल्या कारकुनानं नीट सांगितलं म्हणे. गाडी बंद ठेवल्याचा तात्यांचा अर्ज दप्तरी आहे, त्यात खोट नाही. आता एक साहेब येऊन गाडी जागेवर उभी आहे का बघून जातील. मग कर बाकी नसल्याचा कागद, मग आपलं नाव. "तोवर गाडी जागची हलवू नका," असंही सांगितलं. हे द.नं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, आणि तुकड्याबरोबर गिळून टाकलं.

ता. १४ जाने. संक्रांत

तात्यांच्या घरून तिळगूळ आला, शकीसाठी वेगळी पुडी. तिळगूळ चांगला आहे. मी दोनदा खाऊन खात्री केली.

पुडीबरोबर निरोप. गुळाचा हंगाम चालू आहे, शेडात जागा हवी, गाडी आत्ताच घेऊन जा, कागद मागाहून होतील. बघा. गाडी दारातून घालवायची एवढी घाई का? साहेब यायच्या आत?

मी म्हटलं, पौष चालू आहे. पौषात माझ्या दारात गाडी येणार नाही. मनात म्हटलं, तेवढ्यात साहेब येऊन जातील.

द. म्हणाला, "बरं. मंग रथसप्तमीला आनतो."

मीच सापडले. सूर्याच्या रथाचा दिवस, आणि चार चाकांची गाडी दारात आणायला नको कोणत्या तोंडानं म्हणू? सूनबाई तर तिथल्या तिथं म्हणाली, "आत्याबाई, याच्यापरीस चांगला मुहूर्त कुठला?" कचेरीच्या कारकुनाचं कोणालाच आठवलं नाही. मला आठवलं होतं. पण रथसप्तमी म्हटल्यावर मीही गप्प राहिले.

ता. १९ जाने.

साहेब अजून राहात्याला आलेले नाहीत. द. म्हणतो येतील सावकाश. टरफलं वाळली. गाठ सोडून रोज बघते.

शकी आज क्लासहून उशिरा आली. एस.टी. चुकली म्हणे.

ता. २३ जाने. रविवार, रथसप्तमी

गाडी आली. अशोक घेऊन आला, शेजारी द. बसलेला, जणू पालखीतून आला. अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घातलं, पूर्वेकडून सांडलं, चांगलं झालं. गाडीवर कुंकवानं स्वस्तिक सूनबाईनं काढलं. माझ्या हाताला कुंकू चालत नाही, पण नारळ मीच फोडला, एका घावात.

मग मला बसवून नदीपर्यंत फेरी. अशोकचा हात फार सरावलेला. आमच्या वाटेवर ओढ्यापाशी मोठा खड्डा आहे, नव्या माणसाची गाडी तिथं हमखास आदळते. यानं आधीच बाजूला घेतली. म्हटलं, "पोरा, ह्या वाटेनं कितीदा आलास?" म्हणाला, "वाट बघून चालवतो, आजी." उत्तर गोड. जरा जास्तच गोड.

परत आलो तर द. आणि अशोक दोघं पुढचं झाकण उघडून आत वाकलेले. मी मागं बसून, दार उघडेना. शकी पूजेचं ताट घेऊन आली, तिनं दार उघडलं, मी उतरले. मग सगळ्यांना शिरा.

ता. २७ जाने.

व्हायचं ते झालं. साहेब परवा राहात्याला गेले. अर्जात लिहिलेली जागा रिकामी, तिथं गुळाच्या ढेपा.

तात्या आज सकाळी अशोकला घेऊन आले. चेहरा उतरलेला. साहेब म्हणाले, गाडी हलली म्हणजे बंद राहिली नाही. आता सोमवारी पुणतांब्याला येणार, गाडी बघणार, चार माणसांना विचारणार. फक्त पूजेसाठी आणली असेल तर एवढ्या वेळी सवलत म्हणून याच तिमाहीचा कर. आधीपासून चालत होती असं निघालं, तर सगळा, दंडासकट.

तात्या ओट्यावर बसून म्हणाले, "मावशी, तुमच्या देवावर हात ठेवून सांगतो. रथसप्तमीच्या आधी गाडी शेडाबाहेर गेली न्हाई. निघालं तसं, तर समदा कर मी भरीन, आन पोराची मागनीबी माघारी घेईन. खोटं ठरल्यावर तुमच्या दारात कुठल्या तोंडानं यिऊ?"

मी गाठ सोडून टरफलं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी उचलून बघितली, नाकाशी नेली, परत ठेवली. काहीच कळलं नाही त्यांना. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, माझे मालक त्यात पहिल्या नंबरचे होते. हे खोटं बोलत नव्हते. महिनाभर संशय घेतला, तो भलत्याच माणसावर.

अशोक चहाची रिकामी बशी धोतराला पुसत होता. पुसून झाली तरी पुसत होता. बापाच्या धोतराला.

ता. ३० जाने. रविवार

उद्या साहेब येणार. घरात सारवण झालं. द.नं गाडी पुसली. द.चं म्हणणं, आईनं साहेबांपुढं तोंड उघडू नये.

दुपारची वेळ. सगळी आडवी झालीत. मी आणि शकी पडवीत. मी बोलते, ही लिहिते.

लिही. त्या दाराला खोड आहे. वर उचलायचं, मग ओढायचं. घरच्या माणसांनाच जमतं. मला जमलं नाही. आमच्या द.ला अजून जमत नाही, काल दोनदा खिडकीतून हात घालून खटपट केली त्यानं. आणि रथसप्तमीला एक पोरगी स्वयंपाकघरातून आली, ताट डाव्या हातात घेतलं, उजव्या हातानं दार उचललं, ओढलं. कोणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

हात थांबला. लिही म्हटलं ना.

टरफलं आमच्याच वावरातल्या हरभऱ्याची. मैत्रिणींना नेलेली.

विचारलं, "कितीदा?"

"एस.टी. चुकली होती, आजी."

"एस.टी. रोज चुकती व्हय गं?"

मग म्हणाली, तात्या बाजारात असले की अशोक गाडी काढायचा, फक्त ओढ्यापर्यंत सोडायचा. पुढं ही चालत यायची. तो घरी सांगायचं म्हणत होता, हीच नको म्हणाली. हेही लिही. त्याच्या नावावर उगाच नको.

बाई गं. खड्डा कसा ठाऊक, ते कळलं.

आता हे मी कुठं ठेवू? साहेबांना खरं सांगितलं तर तात्या शब्दाला जागणारे आहेत. कर भरतील आणि मागणी घेऊन जातील. असं घर मी महिनाभर शोधत होते, खोटं न बोलणारं. सापडलं, आणि हातून चाललं. गप्प राहिले, तर देवावर हात ठेवलेल्या माणसाला मी खोटं पाडलं, त्याला न कळता. आणि द.ला कळलं तर हिचा क्लास उद्यापासून बंद, ते वेगळंच.

हिला म्हटलं, मी एक ठरवलंय. साहेबांना गाडीत बसवून चहा द्यायचा. मानाची जागा. ते दार लावून घेतील. उतरायला जातील तेव्हा उघडणार नाही. मी ओट्यावरून बघणार, उघडायला कोण पुढं होतं. तात्या आले तर त्यांची गाडी, त्यांचा शब्द राहू द्यायचा. अशोक आला तर त्याची, मग खरं त्यानंच बोलायचं.

शकी म्हणते, "मी जाईन."

म्हटलं, सगळ्यांदेखत? बापापुढं, तात्यांपुढं? दार उघडलंस की सगळंच उघडलं, मग मला बोलायला काही उरायचं नाही.

तर परत तेच. "मी जाईन, आजी."

आणि मी न सांगता हिनं लिहिलंसुद्धा. अक्षर मला येत नाही, पण पेन चाललेलं दिसतं.

टरफलं अजून पदरात आहेत. साहेबांच्या चहात आलं घालायचं, सूनबाईला सांगून ठेवा कोणीतरी. आणि अशोकला निरोप धाडा, उद्या वेळेवर ये म्हणावं. दारापासून जरा लांब उभा राहा म्हणावं.