सातवा प्रश्न

स्मोल्यान, १२ मार्च

प्रिय नेवेना,

तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तिने तो लगेच दिला नाही. आधी बनित्सा खाऊ घातली, तुझं पाठीचं दुखणं सांगितलं आणि मग विचारलं, "आता काय हवंय गं तुला तिच्याकडून?" मी म्हटलं, हवं काही नाही, सांगायचंय. पाठ आता कशी आहे? तिकडे वालेन्सियात ऊन असेल. इथे छपरांवर अजून बर्फ आहे, मार्तेनित्साचा लाल-पांढरा दोरा मनगटालाच आहे, तो सोडायला करकोचा दिसायला हवा आणि त्याचा पत्ता नाही.

मी काय करते ते कानावर आलं असेल. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांना घरबसल्या, संगणकावरून शिकवते. वर्गात सव्वीसजण आहेत. परीक्षेत त्यांनी कॅमेरे चालू ठेवायचे, कागदावर उत्तरं लिहून फोटो पाठवायचे, आणि मी एकटीने सव्वीस चौकटींवर नजर ठेवायची. आपण दोघी टपालाने शिकलो, तेव्हा पेपर पाकिटात घालून पाठवायचो. ते राहू दे. झाफिरकाबद्दल सांगते.

चोपन्न वर्षांची बाई, वरच्या डोंगरातल्या गावात वृद्धाश्रमात काम करते. मार्चअखेर प्रमाणपत्र मिळालं नाही तर नोकरी जाणार होती. जानेवारीच्या परीक्षेत बर्फामुळे तिचं नेटवर्क गेलं आणि चाळीस मिनिटं तिची चौकट काळी राहिली. नंतर ती परत आली, पेपर पूर्ण केला. चौसष्ट गुण. साठला पास.

तिसऱ्या दिवशी तिचा मेल आला.

"बाई, नेटवर्क गेलं तेव्हा माझी मुलगी घरात होती. ती शाळेत गणित शिकवते. सातव्याचं, औषध मोजायच्या हिशोबाचं, उत्तर तिने सांगितलं, मी लिहिलं. मला ते येत नव्हतं. ते दहा गुण कापा. मी इथे औषधं देते. तुमच्या कागदावर पास झाले तर उद्या आमच्या आजोबांचं औषध मीच मोजणार, आणि ते बिचारे विश्वासाने तोंड उघडणार."

नेवेना, मी ते चार वेळा वाचलं.  लगेच फोन लावला.

"ताई, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना, बाई. आणि माझी लेक तोंडाची जरा सैलच आहे."

आमचे संचालक दोब्रेव वाईट माणूस नाहीत, पण नियमाला चिकटून असतात. म्हणाले, "रोसित्साबाई, कुणी पाहिलं नाही, तक्रार नाही. कशाला उकरताय? उकरलंत तर नक्कल केली म्हणून त्या बाईंचं नाव कमी करावं लागेल."

"म्हणजे खरं बोलली म्हणून ती जाणार, आणि गप्प बसलेले राहणार?"

आठवडाभर वाद चालला. शेवटी ते कबूल झाले: चार दिवसांत जो आपणहून सांगेल त्याला न येणारा भाग पुन्हा शिकवायचा, तोंडी परीक्षा घ्यायची. नंतर कुणी सापडला तर मात्र नाव कमी.

वर्गाला मी सांगणार होते, पण झाफिरका म्हणाली, माझं मी बोलते. एरवी शिकवताना सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात. त्या दिवशी तिची एकटीची चौकट उजळली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी, हात ॲप्रनला पुसत होती. तिने सगळं सांगितलं, आजोबांसकट.  मला वाटलं, आता कुणीतरी हसेल.

एक चौकट उजळली. क्रुम, रुग्णवाहिकेवर काम करणारा पोरगेला माणूस. "माझा तिसरा आणि सातवा. भावाला फोटो पाठवला होता." त्याच्यामागून आणखी एक, मग दोन. एक बाई रडतच बोलली. एकूण नऊ चेहरे. आपल्यासारखं आणखी कोण आहे हे त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं.  वर्षभर मी त्यांना चोरासारखं न्याहाळत होते, आणि ही माणसं माझ्याहून किती मोठी निघाली!

तीन शनिवार मी पाणी, बाटली आणि सुईविना सिरिंज घेऊन शिकवलं. तोंडी परीक्षेत झाफिरकाला विचारलं, पाच मिलिलिटरमध्ये सव्वाशे मिलिग्रॅम आहे, दोनशे द्यायचंय, किती मोजाल? ओठ हलत राहिले. "एकात पंचवीस... दोनशेला आठ. आठ, बाई! लेक पलीकडच्या खोलीत आहे, बाहेरून कडी घातलीय, दाखवू?"

नवांपैकी झाफिरकासकट सातजण पास झाले. उरलेल्या दोघांनी हुज्जत न घालता पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवलं.

इतकं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललंय.

तेवीस वर्षांपूर्वी तू तुझं पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलंस. तुला गवत कापायला डोंगरावर जायचं होतं. मी ते उघडलं. पेपर शब्दन् शब्द उतरवून काढला, माझा आधी पाठवला, तुझा दोन दिवसांनी. म्हणून नक्कल करणारी तू ठरलीस. प्राध्यापकांनी मला बोलावून तुझ्यासमोर विचारलं तेव्हा मी "मला माहीत नाही" म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस. तू काहीतरी बोलशील असं वाटलं, पण तू कोट उचलून निघून गेलीस. तुझं नाव कमी झालं, तू स्पेनला जाऊन लोकांच्या म्हाताऱ्या उचलू लागलीस आणि मी इथे शिक्षिका झाले.

सोमवारी मी विद्यापीठात जाऊन हे सगळं लेखी दिलं. दोब्रेवनाही सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी राहील असं मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, मला कल्पना आहे.

क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही. हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. पण विद्यापीठाला दिलेल्या माझ्या कबुलीची सोबतची प्रत फाडू नकोस, नेवेना. तिच्यावर विद्यापीठाचा शिक्का मारून घेतलाय. तुझं नाव त्यांनी परत लावावं म्हणून तुला कधी अर्ज करावासा वाटला, तर ती लागेल.

तुझा पेपर उतरवून काढणारी,
रोसित्सा