दुरून ऊन साजरं

मुळशी,
३ ऑगस्ट २००४

ती. आशाताईस,

धाकटीचा नमस्कार. चंद्रकांत भाऊजींनाही सांग. इकडे आम्ही सगळे आहोत. पुढे 'बरे' लिहिणार होते, पण शाई पसरली. इथे कागदही दमट असतो, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र मिळालं. ऑगस्ट तोंडावर आला तरी अकोल्यात पावसानं दडी मारलीय, अंगाची लाही होतेय, आणि तू लिहितेस, "हेमे, तुझं बरं आहे. लोक थंड हवेला पैसे मोजून जातात, तू फुकट राहतेस." तुझी चूक नाही गं. हे ज्या रिसॉर्टवर कामाला आहेत तिथे येणारी पुण्याची माणसंही हेच म्हणतात. आणि मे महिन्यात टीव्हीवर अकोला शेहेचाळीस ऐकलं की मला तुझा हेवा वाटतो, हे सांगितलं तर तू मला वेड्यात काढशील. लोकांना दुरून डोंगर साजरे, मला दुरून ऊन साजरं.

तू पाठवलेले पापड पंधरवड्यात मऊ पडले. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवावी लागते, यांच्या चामडी पट्ट्यावर हिरवी बुरशी येते. किमयाचा गणवेश मी इस्त्रीनंच वाळवते. शेजारच्या रंभाबाई चुलीवर बांबू टांगून कपडे वाळवतात. मी म्हटलं, धुराचा वास लागत असेल. तर म्हणाल्या, "लागतुया की. वल्ल्या कापडापरीस धूर बरा. तुमी उन्हातली मान्सं, हितं लई हाल हायेत तुमचं." त्यांचं बोलणं असंच, पण भाकरी केली की एक आमच्याकडे येतेच.

आमचा कूलर आठवतो ना? यांची कापसाची जिनिंग मिल बंद पडून इकडे यायला निघालो तेव्हा कपाट मागे ठेवलं आणि कूलर टेम्पोत घातला. आपल्याकडचं कुणीही हेच करेल. कूलरशिवाय घर असतं, हे आपल्याला कुठं माहीत होतं.

जूनमध्ये किमयाला धाप लागायला लागली. आपल्याकडे कुणाचा जीव घाबरा झाला की आपण आधी काय करतो? वाळ्यावर पाणी सोडून कूलर लावतो. मीही तेच केलं. तिला कूलरसमोर बसवलं आणि पाठ चोळत राहिले. बरं वाटेना, म्हणून आणखी पाणी सोडलं. मग तिचे ओठ निळसर दिसायला लागले. हे आले, त्यांनी तिला तशीच उचलली आणि रिसॉर्टच्या जीपमधून पौडला नेली. डॉक्टरांनी घरात काय काय आहे ते विचारलं. मी कूलर म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. दमट हवेत मी तिला आणखी दमट हवा दिली होती.

तेव्हापासून पंप आहे. ओढला की तेवढ्यापुरतं उतरतं, पण भिंतींना ओल आहेच. मागच्या शनिवारी किमया आमच्या खोलीत गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर करून श्वास ओढत होती. मी गरम पाणी आणायला बाहेर पडले, तर समोर रिसॉर्टच्या व्हरांड्यात पुण्याची एक बाई डोळे मिटून उभी. मला म्हणाली, "तुम्ही किती नशीबवान हो, ही हवा बाटलीत भरून न्यावीशी वाटते." मी 'हो' म्हटलं.

डॉक्टर म्हणतात, कोरड्या हवेत न्या. दिवाळीपर्यंत थांबू नका.

मी तिला घेऊन येऊ शकत नाही, ताई. सासूबाईंची एक बाजू गेलीय, कूस बदलायलाही माणूस लागतं. यांनी अकोल्यात तीन ठिकाणी विचारलं, कुठेच काम नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ती सात वर्षांची पोर.

म्हणून विचारते. खरं तर विचारत नाही, सांगतेच. सोमवारी हे तिला घेऊन निघतील. शनिवार-रविवार पाहुण्यांचे असतात, रजा मिळत नाही. किमयाला मी दिवाळीपर्यंत मावशीकडे असं सांगितलंय. शाळेचा दाखला यांच्या बॅगेत आहे. दिवाळीपुरत्या जाणाऱ्या मुलीचा दाखला कुणी काढत नाही, हे तुला कळतं. तिला अजून कळत नाही.

काल विचारत होती, "मावशीकडे मला पळता येईल?" मी हो म्हटलं. "मग तू पण ये ना." मी भाजी चिरत होते, चिरतच राहिले.

हे म्हणाले, आशाताईंच्या घरात मूल नाही, त्यांना आनंदच होईल. मला ते लागलं, पण खोटं नाही. तू तिला उपाशी ठेवशील, रागावशील, असली भीती मला मुळीच नाही. तू तिला फार जीव लावशील, हीच भीती आहे. आणि लावू नकोस असंही म्हणवत नाही.

वरण तिला पातळ लागतं. झोपताना ती शेजारच्याचा कान धरते, तेवढं करू दे. गच्चीवर झोपाल तेव्हा तिला मधे घ्या.

तिला श्वास मोकळा घेता आला की त्याच दिवशी कळव, पत्राची वाट बघू नकोस, रिसॉर्टच्या फोनवर निरोप ठेव. पण ती तिकडे रमली, माझी आठवण काढेनाशी झाली, तर ते मात्र लगेच लिहू नकोस. थोडे दिवस जाऊ दे.

तुझी,
किमयाची आई
हेमलता